एका कान्याचा जामीन

"जामीन राह्याचा लायसन कुठं भेटतंय, ताय?"

काळुरामकाकांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. ठाण्यात कोर्टाच्या भिंतीला लागून माझं घडीचं टेबल आहे. वर निळी ताडपत्री, टेबलावर लॅपटॉप, टेबलाखाली प्रिंटर आणि गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. एकोणीस वर्षं मी इथे प्रतिज्ञापत्रं, अर्ज, भाडेकरार टाइप करतेय. रोज डोंबिवलीहून येते आणि रोज ठरवते की उद्यापासून यायचं नाही. इतक्या वर्षांत लोकांनी मला काय काय विचारलंय. मुतारी कुठे, कुठला जज प्रेमळ, घटस्फोट एका दिवसात होतो का. पण हे कुणी विचारलं नव्हतं.

"असं लायसन्स नसतं, काका," मी म्हटलं.

"नसतं कसा?" म्हणून ते स्टुलावर बसले. तिथेच माझं चुकलं. त्यांना बसू द्यायला नको होतं. तेव्हापासून हा माणूस माझ्या स्टुलावरून उठलेला नाही असंच मला वाटतं.

काळुराम मढवी, वय सहासष्ट. कळव्याच्या खाडीकडच्या जुन्या गावातले आगरी. वडील दुसऱ्याच्या मिठागरात मीठ ओढायचे आणि उरलेल्या वेळात स्वतःच्या तुकड्यात भात लावायचे. काका कंपनीत फिटर झाले, कंपनी बंद पडली, मग घराच्या मागे आठ खोल्यांची चाळ बांधून त्यांनी भाडेकरू ठेवले. रस्ते आणि इमारती सगळं गिळून जी बावीस गुंठे जमीन शिल्लक राहिली, तिच्या सातबाऱ्यावर दोन नावं आहेत. एक काकांचं आणि दुसरं त्यांच्या वारलेल्या भावाच्या मुलाचं, नयनचं. काका चौथी शिकलेत. वाचताना अक्षराखालून बोट फिरवतात आणि एखादा शब्द पटला नाही तर बोट तिथेच दाबून धरतात.

त्यांच्याकडे एक प्लॅस्टिकची फाइल असते. पहिल्याच दिवशी त्यांनी ती माझ्या कीबोर्डावर उघडली. माझी कामं तुंबलेली, मागे दोन माणसं उभी, आणि हे एकेक काढून दाखवतायत. वडिलांच्या रेडिओचं लायसन्स, पोस्टाचे शिक्के मारलेलं. सायकलचा पितळी बिल्ला. बैलगाडीचा बिल्ला.

"माज्या बापानं रेडियो घेतला तवा लायसन काढला. बातम्या आयकाला लायसन. सायकलीला बिल्ला, गाडीला बिल्ला. आता तं पालिका कुत्र्याला पन बिल्ला देतंय. आन मानसाला जेलातून सोडवाचा, त्याला कायच नाय?"

मी म्हटलं, नाही. आपल्याकडे जामीन राहणं हा धंदा नाही, ओळखीचं माणूस ओळखीच्या माणसासाठी उभं राहतं. काका म्हणाले, तेच तर. मग त्यांनी रेशनकार्ड काढलं आणि उलटं केलं. मागे कोर्टाचे तीन शिक्के. जामीन राहिलेल्या माणसाच्या रेशनकार्डावर कोर्ट शिक्का मारतं, म्हणजे तेच कार्ड घेऊन तो दहा जणांसाठी उभा राहू नये. काका तीन वेळा उभे राहिले होते. एकदा बहिणीच्या मुलासाठी, एकदा नाक्यावरच्या भाजीवाल्यासाठी, एकदा जुन्या भाडेकरूसाठी. तिघांनी सगळ्या तारखा केल्या, एकही पळाला नाही. पण तिसऱ्या वेळी त्यांचे कागद घेताना कुणीतरी हसून विचारलं होतं, "काय हो, धंदा चालू केला का?"

ते त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. कुठल्याही कोर्टाबाहेर पांढऱ्या शर्टातले दोन-चार जण फिरत असतात. पैसे दिले की ते कुणाचेही मावसभाऊ होतात. नातं खोटं, सातबारा खोटा, रेशनकार्ड दर वेळी कोरं. विचारलं की छातीवर हात ठेवून सांगतात, पहिलीच वेळ आहे साहेब. आणि काका खरं सांगायचे, तीन वेळा. खरं सांगणाऱ्याचं नाक वरचेवर ठेचलं जातं हे मला नवीन नाही. पण काकांना त्यावर उपाय सापडला होता. लायसन्स काढायचं, बिल्ला छातीला लावायचा, म्हणजे कुणाची संशय घ्यायची टाप नाही.

"लायसन नंतर बघू," मी वैतागून म्हटलं. "आज काय काम आहे ते सांगा."

काम होतं सूरजचं.

सूरज आणि त्याची आई शेवंती काकांच्या चाळीत अकरा वर्षं भाड्यानं राहतात. मूळचे कोरेगावकडचे. सूरज एका कंत्राटदाराकडे बस चालवायचा, कंपनीची माणसं न्यायची-आणायची. माजिवड्याच्या सिग्नलला एका स्कूटरवाल्यानं आरसा तोडला, दोघं खाली उतरले, बाचाबाची झाली, आणि स्कूटरवाल्याच्या खांद्याचं हाड मोडलं. सूरज म्हणतो मी ढकललं, मारलं नाही. ते कोर्ट बघेल. सहाव्या दिवशी जामीन मंजूर झाला. जातमुचलका आणि एक स्थानिक जामीनदार, ऐपतीच्या दाखल्यासह. म्हणजे जेलचं दार उघडलं होतं, फक्त बाहेरून हात धरणारा ऐपतदार माणूस हवा होता. शेवंतीमावशींचे सगळे नातेवाईक कोरेगावात. इथे त्यांचं कोण? घरमालक.

आणि घाई अशी की कंत्राटदारानं सांगून ठेवलं होतं, महिनाभर गाडी बदली माणसावर चालवतो, एकतिसाव्या दिवशी माणूस बदलतो. त्या घरात कमावणारा सूरज एकटा. काकांनी शेवंतीमावशींना शब्द दिला होता, महिना भरायच्या आत पोरगा गाडीवर बसंल. आगरी माणसानं शब्द दिला की तो फिरत नाही असं काका म्हणायचे. मी मनात म्हणायचे, कागद फिरतो ना पण.

त्या शुक्रवारी, म्हणजे सूरज आत गेल्याच्या आठव्या दिवशी, मी ऐपतीच्या दाखल्याचा अर्ज टाइप केला. अर्जात एक रकाना असतो, प्रयोजन, म्हणजे दाखला कशासाठी हवा. मी इंग्रजी अक्षरांनी मराठी टाइप करते, सगळेच करतात. jamin असं मारलं की खाली पर्याय येतात, त्यातला हवा तो निवडायचा. पहिला पर्याय येतो जमीन. दुसरा जामीन. प्रिंटरमध्ये कागद अडकला होता, मागचा माणूस "मॅडम किती वेळ" करत होता, आणि काका मला सांगत होते की लायसन्स मिळालं तर बिल्ला पितळी असावा, प्लॅस्टिकचा नको. मी स्पेसबार मारला आणि पुढे गेले. काकांनी बोट फिरवत फक्त स्वतःचं नाव वाचलं, ते बरोबर होतं, आणि सही केली.

प्रयोजन: जमीनकामी.

तो काना मी खाल्ला.

मला तेव्हा कळलं नाही. अर्ज तहसील कचेरीत गेला, तलाठ्याचा अहवाल झाला, त्यावर सह्या झाल्या, आणि एकोणिसाव्या दिवशी दाखला हातात आला. काका इतके खूश होते की येताना खोपटला उतरून पेढे घेऊन आले. दुसऱ्या दिवशी सूरजच्या वकील कृतिकामॅडम तो दाखला घेऊन आत गेल्या आणि दहा मिनिटांत बाहेर आल्या. कृतिकामॅडम तिशीच्या आहेत, हुशार आहेत, आणि तोंडानं फटकळ आहेत. माझी निम्मी कामं त्यांच्याकडून येतात.

"हे काय आहे?" त्यांनी दाखला माझ्या टेबलावर टाकला, पण बोलत होत्या काकांशी. "हा दाखला जमीनकामी देण्यात येत आहे. जमीनकामी! कोर्ट म्हणतंय जमीन घ्यायला दिलेला दाखला इथे कशाला आणला. करेक्शन करून आणा म्हणालेत. कोणी भरला हा फॉर्म? कुठल्या गाढवानं?"

मी दाखल्याकडे बघितलं. लॅपटॉपमध्ये ती फाइल होती. उघडून बघायची गरजच नव्हती.

मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "मीच लिवून दिलंता, म्याडम. चौथी शिकलंय मी. काना राहला आसल."

"काका, एका कान्यानं माणूस आत राहिला ना," कृतिकामॅडम म्हणाल्या.

"व्हय. चुकला माजा."

काका माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. फाइलमध्ये दाखला नीट घालत होते, त्याचा कोपरा दुमडू नये म्हणून. मी कीबोर्डवर हात ठेवून बसले होते आणि गप्प राहिले. का गप्प बसले ते सांगते. कृतिकामॅडमची कामं गेली असती. एकोणीस वर्षांत माझ्या टायपिंगमध्ये चूक निघाली नाही असं मी सगळ्यांना सांगत आले होते, ते गेलं असतं. आणि सगळ्यात खरं कारण म्हणजे, दुसऱ्यानं आपणहून आपली चूक डोक्यावर घेतली तेव्हा मला हायसं वाटलं. याची मला अजून लाज वाटते.

दुरुस्तीचा अर्ज मी पैसे न घेता टाइप केला. काकांनी पैसे देऊ केले तर त्यांच्यावर खेकसले. त्यांना वाटलं बाईचं डोकं दुखतंय.

आता दुरुस्ती म्हणजे काय, एक काना लावायचा. शाळेतला मास्तर लाल पेनानं लावतो तसा. पण नाही. दाखल्याचं प्रयोजन बदललं की चौकशी नव्यानं. चौकशीला माणूस गावात गेला. काका नेमके कोर्टात माझ्या स्टुलावर. मग त्या माणसानं शेजारी विचारलं, काळुराम मढवींनी जमीनकामी दाखला घेतलाय, त्याची चौकशी आहे. शेजारी कोण? पुतण्या नयन. सातबाऱ्यावरचं दुसरं नाव. बावीस गुंठ्यांवर तीन बिल्डरांचा डोळा, आणि चुलता गुपचूप जमिनीचा दाखला काढतोय. नयननं शुक्रवारी दुपारी ऐकलं आणि सोमवारी सकाळी लेखी हरकत टाकून मोकळा झाला. सामाईक जमिनीचा कसलाही व्यवहार माझ्या संमतीशिवाय होऊ नये.

सूरजला आत जाऊन पंचवीस दिवस झाले होते.

काका नयनला समजावायला गेले. जमीन नाही रे, जामीन. नयन म्हणाला, काका, कागदावर जमीन लिहिलंय. काका म्हणाले, चूक झाली. नयन म्हणाला, बावीस गुंठ्यांची चूक? त्याचंही खोटं नव्हतं. आपल्याकडे कागदावर चूक झाली असं म्हणून किती जणांच्या जमिनी गेल्यात ते मी टाइप केलेलं आहे. पण मला त्याच्या कानफटात द्यावीशी वाटत होती. नयनच्या, चौकशीवाल्याच्या, त्या कीबोर्डच्या. आणि हात मात्र माझ्याच गालाकडे यायला हवा होता.

सत्ताविसाव्या दिवशी दुपारी एक बाई माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. ठेंगणी, काठाचं लुगडं, केसांत अबोलीचा गजरा, आणि हातात तेच रेशनकार्ड.

"तू काय ती टायपिंगवाली? मी तुलसा. काळुरामची बायको."

मी त्यांना स्टूल दिलं. त्या बसल्या नाहीत.

"मना सांग, कोनची जमीन इकतंय यो? सगला गाव बोलतंय. नयनची आई गोदा माज्याशी बोलत नाय दोन दीस झाले. तीस वरसं आमी येका हिरीवर पानी भरला."

"मावशी, जमीन नाही विकत. जामीन राहतायत. सूरजला."

"ते मना ठावं हाय." त्यांनी रेशनकार्ड टेबलावर ठेवलं, शिक्क्यांची बाजू वर करून. "जमीन इकली तरी घर जातंय, जामीन राहला तरी घर जातंय. माजे पोरीच्या, दिशाच्या सोयरीकीला पावने आले, त्यांनी कार्ड बघला. हे शिक्के कसले इचारला. मी काय सांगू? आमचे यांना छंद हाय?"

तुळसामावशी वाकल्या आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"तो बोलतंय, काना मीच खाल्ला. पन ताय, या कार्डावं तीन शिक्के हायत. तीन वेला त्यानं अर्ज लिवला. घरी पाटावं बसून लिवला, मी बघला. जामीन त्याला बराबर लिवता येतंय. दुसरा कायच येत नसल, त्यो येक शब्द येतंय."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी लॅपटॉपकडे बघत राहिले. मग त्यांनी कार्ड उचललं, पदरात गुंडाळलं आणि गेल्या. मला वाटलं होतं शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या तिथून थेट गोदामावशींच्या ओटीवर जाऊन बसल्या, हे मला काकांनी नंतर सांगितलं. गोदानं पाणी दिलं ते घेतलं नाही, चहा घेतला नाही. संध्याकाळी मासळीचं कालवण समोर आलं तरी तसंच. म्हणाल्या, तुज्या पोरानं कागूद परत घेतल्याबिगर या घरचा पानी मना नको. सामाईक विहिरीचं पाणी प्यायलेली जाऊ असं बोलली म्हणजे काय, ते नयनला समजवायला त्याची आई पुरेशी होती. एकोणतिसाव्या दिवशी, शुक्रवारी, नयननं हरकत मागे घेतली. जाताना काकांना म्हणाला, "मला आधी सांगितलं असतं तर मी पण राहिलो असतो जामीन." काकांनी हे मला फार कौतुकानं सांगितलं. मी म्हटलं, आता सांगून काय उपयोग.

कारण पुढे शनिवार होता, त्यापुढे रविवार. कागद तयार, सही बाकी. सही करणारा माणूस सोमवारी येणार. काका शनिवारीसुद्धा कचेरीच्या बंद दाराशी जाऊन आले. मी फोनवर ओरडले, "काका, सुट्टी आहे, दार काय ढकलणार आहात का?" ते म्हणाले, "घरी बसवत नाय गो. शेवंती दारात बसलेली आसते. काय बोलत नाय, नुसती बघते."

रविवार हा एकतिसावा दिवस होता. कंत्राटदारानं माणूस बदलला.

सोमवारी दुरुस्त दाखला मिळाला. जामीनकामी. काना जागच्या जागी, ठसठशीत. मंगळवारी काका कोर्टासमोर उभे राहिले. मी टेबल सोडून आत जाऊन मागे उभी होते, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. जजसाहेबांनी विचारलं, आरोपी तुमचा कोण?

"भाडेकरू. अकरा वरसं."

"याआधी कुणाला जामीन राहिला आहात?"

कृतिकामॅडमचा खांदा ताठ झालेला मला मागून दिसला. काकांनी रेशनकार्ड उलटं करून पुढे केलं.

"तीन वेला. तिघांची नावं सांगतंय. येक निर्दोष सुटला, दोघांच्या केशी चालू हायत. तारीख कोनी चुकवली नाय. मी सोता आनतंय त्यांना."

जजसाहेबांनी कार्ड हातात घेतलं, तिन्ही शिक्के बघितले, काकांकडे बघितलं आणि त्यांना जामीनदार म्हणून मान्य केलं. संशयाचा एक शब्द नाही, कौतुकाचाही नाही. चौथा शिक्का बसला. संध्याकाळी सूरज बाहेर आला. माझ्या कान्यामुळे तेरा दिवस उशिरा आणि नोकरी गेल्यावर दोन दिवसांनी.

दुसऱ्या दिवशी तो आईला घेऊन माझ्याकडे आला. वाळला होता, दाढी वाढलेली. शेवंतीमावशींनी माझ्या हातात नारळ आणि ब्लाउजपीस ठेवलं.

"काका सांगत होते ताई, तुम्ही खूप पळापळ केली," सूरज म्हणाला. "पैसेपण नाय घेतले."

मी नारळ हातात धरून उभी. तेव्हा तरी सांगायचं. पण शेवंतीमावशी माझ्या दंडावरून हात फिरवत होत्या, आणि मी "अगं बाई, त्यात काय" असं काहीतरी पुटपुटले. त्या रात्री जेवण गेलं नाही. नारळ अजून आमच्या देवापुढे तसाच आहे, फोडायचा धीर होत नाही.

यानंतर माणूस गप्प बसेल असं तुम्हाला वाटेल. काका पुढच्याच आठवड्यात स्टुलावर हजर.

"आता लायसनचा अर्ज करू."

"काका, नसतं हो तसं लायसन्स. किती वेळा सांगू?"

"नसंल तं काढा बोलू. रेडियोचा पन आधी नवता."

मी हात टेकले आणि टाइप केला. मनात माझंही एक होतं. हा अर्ज मला बिनचूक करायचा होता. विषय: जामीनदार परवाना मिळणेबाबत. प्रत्येक जामीनदार शब्दाला थांबले, काना बघितला, मोठ्यानं वाचला. काकांना बोट फिरवून वाचायला लावलं, चार वेळा. ते म्हणाले, "आता बस, काना झिजंल." अर्जात काकांनी सांगितलेलं सगळं लिहिलं. खोटे मावसभाऊ बंद व्हावेत. खरं बोलणाऱ्याला मान असावा. ज्याचा कुणी नाही त्याला कोर्टातच नोंद केलेला माणूस मिळावा. बिल्ला पितळी असावा. अर्ज रजिस्टर पोस्टानं वरच्या कचेरीत गेला. एक प्रत मी माझ्याजवळ ठेवली.

उत्तर यायला चार महिने लागले. काल आलं.

काका सूरजच्या रिक्षातून आले. सूरज आता दुसऱ्याची रिक्षा चालवतो, कळवा नाक्यावर शेअरला. पहिल्यापेक्षा मिळकत निम्मी आणि मालकाची कटकट दुप्पट. तो रिक्षा कडेला लावून आमच्यापाशी उभा राहिला. काकांनी पाकीट माझ्यापुढे सरकवलं. चेहरा एकदम गंभीर.

"वाच."

मी वाचलं. विषय: जमीनदार परवाना मिळणेबाबत. आपल्या संदर्भीय अर्जास अनुसरून कळविण्यात येते की, जमीनदारी पद्धत कायद्याने केव्हाच संपुष्टात आलेली असल्याने असा परवाना देण्याची कोणतीही तरतूद नाही. सबब आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.

मी दोनदा वाचलं. मग पिशवीतून माझी प्रत काढली. जामीनदार. काना होता. सहा ठिकाणी शब्द होता आणि सहाही ठिकाणी काना होता. मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. चार महिने, रजिस्टर पोस्ट, आणि एवढं सगळं करून पुन्हा तेच.

काका मात्र हसत होते. खाली वाकून, सूरजला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाले, "बघितला? म्हंजे त्यो काना तुज्या येकटीनं नाय खाल्ला. सगलेच खातान. आता जीवाला लावून घेव नको."

हे सांगायला ते कळव्याहून आले होते. लायसन्स नाकारल्याचं त्यांना काही नव्हतं. पाच महिने त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, त्यांना माहीत आहे हेही मला माहीत होतं, आणि हा माणूस कागदाचा आधार मिळेपर्यंत थांबला होता. माझ्यासाठी ते पहिल्या दिवसापासून जामीन उभे होते. त्याचा कुठे शिक्का नाही. आणि आरोपी तुमची कोण, असं विचारलं असतं तर त्यांना सांगायला नातंसुद्धा नव्हतं. टायपिंगवाली.

पण माफ करणं काकांच्या हातात नव्हतं. नोकरी गेली होती ती सूरजची.

"सूरज," मी हाक मारली. "इकडे ये."

"गप ना गो," काका कुजबुजले.

मी लॅपटॉप उघडला. पाच महिन्यांपूर्वीची ती फाइल मी कधी पुसली नव्हती. स्क्रीन त्याच्याकडे वळवली आणि प्रयोजनाच्या रकान्यावर बोट ठेवलं. काकांच्या फाइलमधून दुरुस्त दाखल्याची प्रत काढून शेजारी ठेवली.

"हा अर्ज काकांनी नव्हता लिहिला. मी टाइप केलेला. इथे जामीन हवं होतं, मी जमीन केलं. तू तेरा दिवस जास्त आत राहिलास ते माझ्यामुळे. नोकरी त्यातच गेली."

सूरजनं आधी स्क्रीनकडे बघितलं, मग दाखल्याकडे, मग पुन्हा स्क्रीनकडे. अक्षरं त्याला येत होती, पण फरक सापडायला वेळ लागला. सापडल्यावर त्यानं त्या कान्यावर अंगठ्याचं नख ठेवलं.

"एवढ्यासाठी?" तो म्हणाला.

"एवढ्यासाठी."

मी वाट बघत होते की तो ओरडेल, किंवा जाऊ द्या ताई म्हणेल. त्यानं दोन्हीतलं काही केलं नाही. मागून एका बसवाल्यानं हॉर्न मारला, रिक्षा रस्त्यात येत होती.

"काका, मी नाक्यावर थांबतो," असं म्हणून तो गेला. माझ्याकडे न बघता गेला.

काका स्टुलावर तसेच बसून राहिले. बराच वेळ फाइलचं बटण उघडत होते आणि लावत होते.

"तुला कोनी इचारला होता?" शेवटी ते रागावून म्हणाले. ते माझ्यावर पहिल्यांदाच रागावले.

"कुणीच नाही," मी म्हटलं, आणि नव्या अर्जासाठी कोरं पान उघडलं.